हरभट रोडवर बूट

दोन जोड. दोन्ही काळे,
आरशात सख्खे भाऊ.
"वास घ्या," दुकानदार म्हणाला.
एकाला नव्या स्कूटरच्या सीटचा.
दुसऱ्याला काहीतरी जुनं, जिवंत,
म्हणजे कधीकाळी जिवंत असलेलं.

एक साडेसातशे, एक अठ्ठावीसशे.

हळदीच्या सौद्यात दिवसभर उभा असतो मी,
कुठलाही काळा बूट संध्याकाळी पिवळाच.

एसटी स्टँडपाशी बसणारा यल्लाप्पा सांगतो,
कातडं टाका धरतं.
खोट्याला सुई लावली
की भोकच वाढत जातं.
पुरात बुडालेले माझे खरे
त्यानंच खोबरेल चोळून उठवले होते,
पैसे निम्मेच घेतले.

साडेसातशेचे घेतले.

हल्ली स्टँडवरून जात नाही,
मारुती चौकातून वळतो.
लांब पडतं.