भरली गाडी, रिकामी गाडी

कागदावर आकडा होता सात.
चार महिन्यांपूर्वी सहा.
एकशेवीस गोळ्या गिळल्या, वाढला एक.
मी म्हटलं, हालीमाता, एवढ्या गोळ्या वितळवल्या असत्या
तर एखादा खिळा तरी झाला असता.

ती हसली नाही.
तिच्या टेबलावरही तीच धूळ होती
जी नुआधिबूत सगळ्यांच्या घरी असते,
उशीवर, भातात, बाळाच्या कानामागे.
वाळवंटातून रोज लोखंड येतं आमच्या गावाला,
डब्यामागून डबा, डब्यामागून डबा,
शेळीचं दूध काढून होतं तरी गाडी संपत नाही.
माझा दीर धक्क्यावर ते जहाजात ओततो.
त्याचा सदरा धुते तेव्हा पाणी तांबडं होतं,
माझ्या पापणीची आतली बाजू होत नाही.

लोखंडाचे चणे खाणं म्हणजे काय ते मला विचारा.
रोज एक. जिभेवर नाण्याची चव.
पोटाचा दगड होतो. केस कंगव्यात राहतात.
आणि मासळीच्या कारखान्यात, ऑक्टोपसच्या पेट्या भरताना,
मी बर्फ चोरते.
हो, चोरते. मुठीमुठीनं. खारट, वास लागलेला,
कडाकडा चावते.
मुकादम सिदाती समजतो, मला डोहाळे लागलेत.
समजू दे.
डोहाळेवालीला बसायला खोकं मिळतं.

महिन्याचे ते सात दिवस तर मी हिशेबातच धरत नाही.
तेव्हा मी फुटका डबा असते,
रुळांच्या कडेनं सांडत जाणारा.

हालीमातानं पेन खाली ठेवलं.
"गोळी कशाबरोबर घेतेस?"
हा काय प्रश्न झाला?
चहाबरोबर.
"किती पेले?"
तीन. तीनच्या आत इथं कुणी उठत नाही,
उठलं तर घरी काही बरंवाईट झालंय असं समजतात.

मग ती बोलत राहिली. चहा म्हणे
लोखंडाला दाराशीच अडवतो, आत शिरू देत नाही.
मी मान हलवत होते, आणि मला दिसत होती मक्फूला,
चटईवर, एक गुडघा दुमडून,
किटली हातभर वर, फेस धरेपर्यंत
या पेल्यातून त्या पेल्यात, त्यातून यात.
आई गेल्याचा निरोप अतारहून आला
तेव्हा मी तिच्याच चटईवर होते.
पहिल्या पेल्याला काही बोलले नाही.
दुसऱ्यालाही.
तिसऱ्याला रडले.
माझ्यात आजवर जे काही शिरलंय
ते या चहाबरोबरच शिरलं, अशी माझी समजूत.

मक्फूलाला सांगायला मला नऊ दिवस लागले.
नाराज झाली की ती साखर जास्त घालते.
त्या दिवशी चहा फार गोड होता. मी प्यायले.

दुसऱ्या दिवशी गेले तर शेगडी थंड.
चटईवर अर्धं लिंबू, पेलाभर पाणी.
"भरली गाडी आली की गोळी," ती म्हणाली,
"रिकामी परत निघाली की चहा.
मधल्या वेळात गप्पा कोरड्याच मारू."

कोरड्या गप्पा अजून जमत नाहीत आम्हाला.
हातांचं काय करावं कळत नाही.
ती पुसलेली किटली पुन्हा पुसते, मी बांगडी फिरवते,
आणि दोघी कान लावून बसतो
रिकाम्या डब्यांच्या खडखडाटाला.
कधी गाडी उशिरा निघते. कधी निघतच नाही.
तेव्हा मक्फूला रेल्वेच्या सात पिढ्यांचा उद्धार करते
आणि आठवी राहिली तर मी आठवण करून देते.

काल कागद आला.
नऊ.
हालीमाता म्हणाली, निदान तीस हवेत.
मी बोटांवर मोजायला लागले, कोणत्या वर्षी,
मग बोटं मिटून घेतली.

आज बर्फ चोरला नाही. दुपार उलटल्यावर लक्षात आलं.
परतताना रुळांजवळ एक खडा सापडला,
लिंबाएवढा, पण हाताला ओढणारा.
मक्फूलाच्या चटईचा कोपरा रोज वाऱ्यानं उडतो.
त्यावर ठेवला.