उठबस

उपकेंद्रातल्या निळ्या प्लास्टिकच्या खुर्चीवर
मंगळवारी आम्हा म्हाताऱ्यांची परीक्षा झाली.
हात छातीशी बांधायचे, उठायचं, बसायचं.
अर्ध्या मिनिटात किती होतात ते
कोवे सिस्टर मोबाइलवर मोजणार.

मी सहावर अडकलो.
सातव्याला हात आपसूक दांडीवर गेला.
"आजोबा, हात नाही."
शाळेत उठाबशा काढल्या होत्या पाढा चुकला म्हणून,
तोही साताचाच होता.

तू अकरा.
पदर खोचून, कुणाकडे न बघता,
जसं डोक्यावर टोपलं आहे
आणि लाखांदूरचा बाजार भरत आला आहे.

मग सिस्टरनं तुझी पोटरी टेपनं मोजली.
पुन्हा मोजली.
"रायवंताबाई, जेवता काय?"
"भात. अन् रस्सा."
"आणि तुकडे?"
तू माझ्याकडे पाहिलं नाहीस.
मी भिंतीवरचा लशींचा तक्ता वाचत राहिलो.

बावन्न वर्षं बोडीतले मासे तू बाजारात नेलेस,
केळीच्या पानावर वाटे लावलेस,
वीस रुपयांना एक,
कोणत्याच वाट्यात शेपट्या जास्त नाहीत.
घरी डोकं मला, मधले तुकडे पोरांना,
गंजाच्या तळाचा रस्सा तुला.
तुला तो आवडतो म्हणे.
हे कोणी ठरवलं, आठवत नाही.

सिस्टर म्हणाल्या, अंडं, वरण, पोपटाचे दाणे,
मासा असेल तर तळहाताएवढा,
तुमच्याच तळहाताएवढा, आजी.
तू हात उलटा करून पाहिलास,
खवल्यांनी कापलेल्या रेघा,
त्यात मावेल का एवढं, अशी.

आता रोज संध्याकाळी पाळीवरून आपण चालतो.
तू पुढे. मी काठी टेकत
शिंगाड्याच्या वेलीपर्यंत, मग परत.

काल मरळ मिळाली.
मधला तुकडा तुझ्या ताटात टाकला.
तू माझ्या. मी पुन्हा तुझ्या.
तिसऱ्यांदा म्हटलं, "सिस्टर विचारतील."
"इचारू दे," म्हणालीस,
पण काटे काढायला बसलीस
एकेक, बल्बाकडे धरून.
दात चारच. घाई नव्हती.

मी हात धुवून ओट्यावर आलो.
खुर्ची नाही आपल्याकडे, ओटाच.
हात छातीशी. पाच. सहा.
सात झाले तेव्हा आतून तुझा आवाज,
तोंडात घास:
"जेवल्याबरोबर काहून उठबस करता जी?
बसा आता."

बसलोच होतो,
आठव्यासाठी.