पाठमोरी

निळू गाडी कायम तोंड आत करून लावायचा.
चोर आला तर त्याला आधी नंबर वाचू दे, म्हणायचा.
अकरा महिने बुलेट तशीच उभी,
चिऱ्याच्या भिंतीत नाक घालून.

सोमवारी कणकवलीचा माणूस येतोय बघायला.
"बाहेर काढून ठेवा, ताई," फोनवर म्हणाला,
आणि त्याच्या आवाजात तेव्हाच
पाच हजार कमी झाले होते.

ही खोली आंब्याच्या पेट्यांसाठी बांधलेली.
रुंदी साडेसात फूट. गाडी सात.
उरलेल्या वीतभर हवेत
मी, खताची दोन पोती, आडव्या वाशाला टांगलेलं जुनं जाळं.
मागच्या मागे काढावी, तर दारातच उतार सुरू,
थेट तारामुंबरीच्या खाडीपर्यंत.
एकशे नव्वद किलो लोखंड उलटं उतरायला लागलं
की ते बाईचं ऐकत नाही.
पुरुषाचंही नाही, पण तो तसं सांगत नाही.

शनिवारी हँडल धरून ओढून पाहिली.
चार बोटं हलली, मग पलीकडे कलू लागली, सावकाश,
कीर्तनात डुलकी लागलेल्या म्हातारीसारखी,
आणि मी सीटला मिठी मारून
किती वेळ तशीच,
गाल रेक्झिनला चिकटलेला,
ना सोडता येई ना उचलता.
निळूला सकाळी बसवताना
असाच गाल त्याच्या बरगडीला लागतो.
त्याचं वजन अठ्ठ्याहत्तर.
तेवढं मला जमतं आता.

तिन्हीसांजेला गुणाजी तांडेलाने दोन फळ्या आणून टाकल्या,
आणि कोल्ड्रिंकच्या बाटलीत मुशीचं तेल.
"होडी कोण हातान वळयता, बाय? ती तेलार वळता.
तू फक्त पडाक देव नको.
माझो खांदो गेलो, नायतर..."
उरलेलं वाक्य घेऊन तो जेटीकडे निघून गेला.

आज फळीवर फळी, मधे तेल.
मेन स्टँडवर पाय रोवला,
हाताने ओढायचं नाही, टाचेत उभं राहायचं,
हे तिसऱ्या खेपेला कळलं.
धप्पकन ती आपणहून मागे चढून बसली.
मग शेपटीला कमरेने रेटा.
वरची फळी फिरली, फळीसोबत गाडी,
आणि हँडलची मूठ भिंतीला लागली:
खर्र.

तो आवाज माझ्या ओळखीचा.
नऊ वर्षं पहाटे अर्धवट झोपेत ऐकलेला.
मला वाटायचं, अंगण झाडतोय.
मोबाइलचा उजेड धरला. चिऱ्यात, कमरेच्या उंचीवर,
बोटभर खोल खाच, चंद्रकोरीएवढी वाकलेली.
समोरच्या भिंतीत तशीच दुसरी.
म्हणजे रोज. एकट्याने. तेलाशिवाय.
आणि चहाला आत यायचा तो
काहीच न झाल्यासारखा.

तेवढ्यात भिंतीपलीकडून टक.
खाटेवरून, डाव्या हाताने.
मी थांबले.
हँडल दुसऱ्या अंगाला मोडलं, पुन्हा रेटलं.
खर्र आलं नाही.
टक टक.
ह्याचा अर्थ मला कुणी सांगितला नव्हता.
रेटत राहिले.
एकदा फळी अडली, एक पोतं फुटलं,
पायाखाली युरियाचे दाणे करकरले, मी एक शिवी दिली,
पलीकडून टक टक टक,
ते बहुतेक हसणं असावं.

दार समोर आलं तेव्हा अकरा वाजले होते.
हेडलाइटच्या काचेवर कोळिष्टक,
त्याच्या आत इवलीशी खाडी, वाकलेली,
आणि तिच्यात एक होडी, भरतीची वाट बघत.

हात कोपरापर्यंत तेलकट, तशीच आत गेले.
निळूने मान वळवली. हुंगलं.
"मुशी," म्हणाला.
अकरा महिन्यांत इतका स्वच्छ शब्द नव्हता आला.
"कालवण?"

नाही रे, म्हटलं. गाडी.