नियम सातवा

चिमूर रस्त्यावरच्या पार्काची पाटी:
चौदा वर्षांवरील कुणीही
सोंग घेऊन आत येऊ नये.

उरकुडा काकाजी पट्टे ओढूनच आले,
चुन्याच्या मिशा,
धानाच्या पोत्याची शेपूट,
बोटाला नात.

मी वर्दीत. म्हटलं, काकाजी, धुऊन या.
आत आमचा वाघ हाय, लेकरायचा घोळ होते.
"पगारी?"
"तासावर."
"जंगल पाह्यलं का त्यानं?"
पोरगा नागपूरचा. मी पावतीबुकात पाहिलं.

हापशीवर रंग काही निघेना,
खोबरेल मुरलेलं.
नात म्हणाली, आबा, तू वाघच राह्य,
मी पाहून येतो.

एकच तिकीट फाडलं.
दिवसभर फाटकाबाहेर बसले काकाजी,
कुणाचा पाय पडू नये म्हणून
शेपूट मांडीवर घेऊन.