विळ्यांचा दगड

चाळीस उंबऱ्यांच्या त्यांच्या गावाहून
चाळीस उंबऱ्यांच्या आमच्या गावाला पत्र आलं.
बसाप्पा पोस्टमननं ते तीन दिवस पिशवीतच फिरवलं,
पत्ताच तसला:
रेल्वेपुलाजवळचं गाव, खानापूरच्या पुढं.

स्कॉटलंड कुठं आलं, सातेरी गुरवानं विचारलं.
सहावीतल्या दीपालीनं नकाशावर बोट टेकवलं.
बोटाखाली अख्खा देश झाकून गेला.

ते लिहितात, आम्ही सातजण आहोत,
बंद पडलेल्या शाळेत जुनं काय काय जमवतो.
ताक घुसळायची रवी, लोकर कातरायची कात्री,
मेंढरांच्या कानांवरच्या खुणांची वही.
(हे ऐकून मायाप्पा धनगर जरा पुढं सरकला.)
सोबत एक फोटो: पाठीवर टोपली, ओणवी बाई.
यल्लूबाई म्हणाली, वाकायची रीत तीच की गं.

मग मुद्दा.
आमचा एक पाथरवट तुमचा पूल बांधायला आला होता,
तापानं गेला, आंब्याखाली पुरला म्हणतात.
दगड आहे का अजून?
त्याच्या नावात एल एक की दोन,
तेवढं बघून कळवाल का?

दगड आहे.
आंबा नाही, तिथं आता ट्रान्सफॉर्मर उभा आहे.
साहेबाचा म्हणून तो आम्हाला ठाऊकच नव्हता,
आम्ही त्याला विळ्यांचा दगड म्हणतो.
भातकापणीच्या आदल्या संध्याकाळी
सगळा गाव तिथं पाणी शिंपडून धार लावतो.
मधोमध खोलगट झालाय, गाईच्या पाठीसारखा.

फाट्यावरच्या पाटीवर आमच्या गावाचं नाव
कधी या लिपीत, कधी त्या लिपीत,
आणि वरून डांबर, दर दोन-चार वर्षांनी.
या दगडावर मात्र कुणी डांबर फासलं नाही.
इथलं नाव रागानं नाही पुसलं,
पोटासाठी पुसलं गेलं, थोडं थोडं, दर सुगीला.

दीपालीनं कागद ठेवून वर कोळसा घासला.
उमटलं एकच अक्षर, पहिलं,
आढं घातलेल्या घरासारखं.
बाकी सगळ्या तिरक्या रेघा.
एल एक होता की दोन
ते आमच्या विळ्यांच्या पोटात गेलं, माफ करा.

कागद पाकिटात घातला. डिंक लावणार
तेवढ्यात आतापर्यंत गप्प बसलेला मष्णू घाडी म्हणाला,
माझ्या आज्याचा थोरला भाऊ पलटणीतनं बोटीवर चढला,
थंडीच्या मुलखात उतरला, एवढंच पत्र आलं.
भरमा त्याचं नाव. तिकडं कसं लिहिलं असेल, देव जाणे.

म्हणून खाली दोन ओळी वाढवल्या:
तुमच्याकडं कुठल्या दगडावर
कुणी कात्र्यांना धार लावत असेल,
तर लावू दे.
फक्त आधी एकदा पाणी टाकून
वाचून बघा.