हळदीचा कागद

प्रयोगशाळा म्हणजे आमच्याकडे एक हिरवं कपाट.
किल्ली हेडसरांच्या खिशात,
परीक्षानळ्या डेडस्टॉक रजिस्टरात : नग चोवीस.
दर मार्चला मोजायच्या, पुसायच्या,
सही, कुलूप.
लिटमस मागितला तर म्हणाले,
"संपला तर तपासणीला काय दाखवायचं?"

मग सातवी ब ला मी म्हटलं,
आपण सांगलीत राहतो ना?
उद्या येताना चिमूटभर हळद आणा.

चिमूटभर!
मार्केट यार्डाच्या मागची शाळा ही.
बसू कोरेनं दप्तराचा कप्पाच भरून आणला.
पारस चौगुलेनं आख्खं हळकुंड आणलं,
दगडानं फुटेना, तेव्हा
दाराच्या फटीत घालून चिरडलं.
दार अजून नीट लागत नाही.

कागद कुठला घ्यायचा?
लग्नपत्रिकेवरून रंग घसरतो,
पेपरावर बातम्या आड येतात.
शेवटी जुन्या उत्तरपत्रिका, कोरी बाजू वर.
हळदीत बुडवल्या, पट्ट्या कापल्या,
मागे कुणाचे तरी साडेतीन गुण.
शनिवारी खिडकीत सुतळीवर टांगल्या,
भर उन्हात.

सोमवारी पट्ट्या पांढुरक्या.
वर्ग माझ्याकडे बघतोय,
मी पट्ट्यांकडे.
"बाई, फसला प्रयोग?"
फसला म्हटलं. का फसला, ते मलाही माहीत नाही.

मंगळवारी तमन्ना शिकलगार उभी राहिली,
एरवी हजेरीलाही जिचा आवाज येत नाही ती.
"अम्मी म्हणती, ऊन हळद खातंय.
साडीवरचा डाग साबणानं जात नसला
की आम्ही नुसता वाळत टाकतो."

दुसरा घाणा फळ्यामागे वाळवला, सावलीत.

मग काय विचारता!
लिंबू : काही नाही. चिंच : काही नाही.
बसूनं घाटावरून बाटलीभर कृष्णा आणली,
तीही काही नाही,
तो असा हिरमुसला जणू नदीच नापास झाली.
हमालमामांच्या डबीतला चुना लावला
आणि पट्टी लाल!
राखेचं पाणी, लाल. धुण्याचा सोडा, लाल.
टूथपेस्टवर मात्र भांडण,
लालसर की तुझे डोळे लाल?
लालवर लिंबू पिळलं तर पुन्हा पिवळी,
पुन्हा चुना, पुन्हा लिंबू,
लिंबं संपली तेव्हा कुठे घंटा ऐकू आली.

त्या संध्याकाळी दारात बिल्किस शिकलगार.
गोडाऊनवर हळद निवडतात,
कोपरापर्यंत पिवळ्या,
भुवयांवर, नाकातल्या चमकीवरही पिवळी पूड.
मला वाटलं, आली तक्रार,
पोरीला हळद आणायला लावता म्हणून.
त्या म्हणाल्या, "बादली हाय का? आन् साबण?"

हात ओले केले, साबण चोळला.
दोन्ही तळवे हळूहळू विटकरी लाल,
रेषा आधी, मग बोटं.
पोरं गप्प. मग एकच गलका.
बाकावर चढून पारसनं टाळ्या पिटल्या.

"रोज साडेसहाला होतंय हे, मोरीत,"
बिल्किस म्हणाल्या,
"टाळ्या आज पडल्या."
पाणी ओतलं, हात परत पिवळे.
"मग बाई, ही लाली जाती कुठं?"

आम्लारी, दर्शक, सगळे शब्द
माझ्या जिभेवर रांगेत उभे होते.
पण तमन्ना आईच्या हाताला
पट्टी लावून बघत होती,
मी म्हटलं, थांबा, तिचं होऊ द्या.

मार्चमध्ये तपासणी झाली.
परीक्षानळ्या चोवीसच्या चोवीस भरल्या.
हळदीच्या पट्ट्या कुणी मोजल्या नाहीत.
मोजल्या असत्या तर कमी निघाल्या असत्या,
पोरांनी घरी नेल्यात,
आणि रोज कुणाची तरी आई
मला रस्त्यात थांबवून विचारते,
आमच्या वरणात काय बुडवायला सांगितलंत?