हिरवी वडी

खल आणला होता औषधाच्या दुकानातून.
ज्येष्ठमधाचा वास त्याला शेवटपर्यंत राहिला.
त्यात इट्रियम, बेरियम, तांबं,
मनगट सुजेपर्यंत घोटायचं,
मग दाबून वडी,
मग भट्टी.

भट्टीपाशी फू शौचंग.
चिनी मातीच्या कारखान्यातून निवृत्त,
डावी भुवई कधीचीच जळून गेलेली.
तापमापक रुसला की ते भोकातून डोकावत.
"संत्र्यासारखा रंग. पण अजून आंबट."
आम्ही हसायचो,
आणि वहीत आकडा लिहायचो तो त्यांच्याच डोळ्यांचा.

ह्यूस्टन, टोकियो, झुरिक
ही नावं आम्ही घ्यायचो
भिंतीपलीकडच्या भांडकुदळ बिऱ्हाडांसारखी.
ती झोपली की आपण जागायचं,
इतका सोपा हिशोब.
पण पृथ्वी गोल.
कुणीतरी नेहमीच नुकतं तोंड धुऊन कामाला लागलेलं.

वसंतोत्सवाच्या आदल्या रात्री
लान्झो शहर फटाक्यांनी थरथरत होतं
आणि काट्याला वाटत होतं, आम्हीच थरथरतोय.
पहाटे वडी निघाली.
हिरवी.
शेवाळी हिरवी,
कुठे कुठे तीळ चिकटावेत तसे काळे ठिपके.
"बिघडली," ओउयांग झिरुई म्हणाली, चष्मा न काढता.
मी वहीत लिहिलं : टाकून दिली.

फूंनी ती टाकली नाही.
वर्षाच्या शेवटच्या दिवशी
भट्टीनं दिलेलं कुणी केरात घालतं का?
चिठ्ठीवर तारीख लिहिली,
बिस्किटांच्या डब्यात ठेवली.

मग ती बातमी आली.
समुद्रापलीकडे कुणालातरी सापडलं होतं,
नायट्रोजनच्या थंडीतच, उणे एकशे शहाण्णवच्याही वर.
नमुना म्हणे हिरवट होता.
काळे ठिपके असलेला.

कुणी काही बोललं नाही.
झिरुईनं भाजलेलं रताळं सोलायला घेतलं
आणि सोलतच राहिली,
गर संपला तरी.

डबा फूंनीच आणून ठेवला. झाकण घट्ट बसलं होतं,
चमच्याच्या दांड्यानं उचकटावं लागलं.
चार तारा, चांदीचा लेप,
गुलाबी फुलांच्या चहाच्या थर्मासात नायट्रोजन.
कागदावर पेन निघालं
सरळ,
सरळ,
आणि दोर तुटल्या पोहऱ्यासारखं
खाली गेलं.

रोध जवळजवळ शून्य.
आम्ही सगळे चिठ्ठीकडे बघत होतो.
तारीख बातमीच्या आधीची होती.

"हे छापू या," मी म्हणालो. आवाज माझाच होता, पण चिरका.
संचालक माई बराच वेळ पेनाचं टोपण
लावत, काढत राहिले.
"डब्यात होतं," म्हणाले,
"म्हणजे आपल्याला माहीत होतं, असं नव्हे."
जन्मभर रोध मोजणारी माणसं आम्ही,
विरोध करायला एकही उठला नाही.

एप्रिलमध्ये काळी वडी जमली. अखेर.
बशीत वाफ, वाफेत वडी,
वडीच्या वर, कशालाही न टेकता,
शेंगदाण्याएवढं चुंबक.
फूंनी खिशातून बसचं तिकीट काढलं,
खालून सरकवलं, अलगद,
झोपलेल्या मुलाच्या मानेखालून हात काढावा तसं.
"अडत नाही."
"नाही."
"किती वेळ राहील असं?"
"नायट्रोजन उडून जाईपर्यंत. दहा मिनिटं, फार तर."

त्यांनी थर्मास हलवून पाहिला, रिकामा.
कानटोपी ओढली.
"थांबवून धरा," म्हणाले, कुणाला कोण जाणे,
आणि खाली अंगणात
सायकलचा स्टँड खाडकन वर गेला.